संशोधनातला सात टक्के परतावा आणि घोडबंदर रोडचा फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला ६५ लाखांना घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. आज त्याला १ कोटी १० लाखांची मागणी येते. मेहुण्यांनी एक बातमी पाठवली: सोळा देशांतल्या दीडशे वर्षांच्या अभ्यासानुसार घरांनी महागाई वजा जाता वर्षाला सुमारे सात टक्के परतावा दिला, म्हणजे शेअरइतकाच, आणि चढउतार मात्र शेअरच्या निम्म्याहून कमी. म्हणून मेहुण्यांचा आग्रह आहे की ७५ लाखांचं कर्ज काढून आणखी एक फ्लॅट घ्यावा. घ्यावा का?

माझं उत्तर: घेऊ नका. आणि ते संशोधन चुकीचं आहे म्हणून मी हे सांगत नाही. संशोधन उत्तम आहे. ते नीट वाचलं तर तेच तुम्हाला ‘नका घेऊ’ म्हणून सांगतं.

मी गेली अठ्ठावीस वर्षं ठाणे, मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीकडे सरकारमान्य मूल्यांकक म्हणून काम करतो. बँकेच्या कर्जासाठी, भावाभावांच्या वाटणीसाठी, कॅपिटल गेनसाठी घरांच्या किमती काढणं हा माझा व्यवसाय. या विषयावरचे शोधनिबंध मी वाचतो, कारण रोज ज्या आकड्याखाली सही करायची तो आकडा येतो कुठून, हे मला कळायला हवं असतं.

बातमीतला अभ्यास ऑस्कर जॉर्दा, कॅथरिना नॉल, दिमित्री कुव्शिनोव्ह, मोरित्झ शुलारिक आणि ॲलन टेलर या पाच जणांचा. २०१९ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये तो छापून आला. १८७० ते २०१५ या काळातले शेअर, रोखे आणि घरं यांचे परतावे त्यांनी एका ताटात मांडले. देश सोळा: युरोपातले बरेचसे, शिवाय अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया. भारत त्यात नाही. पण माझा मुद्दा तो नाही. ते सात टक्के येतात कशातून, हे बातमीत नव्हतं. त्यातले पाचच्या आसपास टक्के भाड्याचे आहेत, तेही देखभालीचा खर्च वजा करून. महागाईच्या वर घराची किंमत वाढली ती वर्षाला जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे त्या देशांतला घरमालक श्रीमंत झाला तो मुख्यतः भाडं खाऊन. भाव वाढण्याची वाट बघत बसलेल्याला त्यातला छोटाच वाटा मिळाला.

हे एकट्या त्या अभ्यासात दिसलं असं नाही. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे, सतराव्या शतकात खोदलेला, आणि त्याच्या काठाला धनिक व्यापाऱ्यांची घरं. मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या पीट आइख्होल्ट्झ यांनी त्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी काढल्या. एकच घर दोनदा विकलं गेलं की त्या दोन किमतींची तुलना करायची, ही पद्धत. साडेतीनशे वर्षांच्या हिशेबात महागाई वजा जाता किमती जेमतेम दुप्पट झालेल्या निघाल्या, वर्षाला ०.२ टक्के. आणि हा शहरातला सर्वांत प्रतिष्ठित रस्ता, बरं का! पुढे आइख्होल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस (१८०९ ते १९४३) आणि ॲमस्टरडॅम (१९०० ते १९७९) इथल्या एकेका घराच्या भाड्याच्या नोंदी धुंडाळल्या. खर्च, कर आणि महागाई वजा जाता परतावा पॅरिसला ४ टक्के, ॲमस्टरडॅमला ४.८ टक्के, आणि तो संपूर्णपणे भाड्यातून आलेला.

आता हीच फूटपट्टी तुमच्या फ्लॅटला लावू. तुम्ही पाठवलेलेच आकडे घेतो.

घराची किंमत ६५ लाख. स्टँप ड्युटी, नोंदणी, तेव्हाचे सर्व्हिस टॅक्स आणि व्हॅट, सोसायटीची सुरुवातीची रक्कम, ग्रिल, पंखे, गिझर मिळून आणखी ७ लाख. म्हणजे तुमच्या खिशातून गेले ७२ लाख. आज विकला तर दलाली जाऊन हातात १०९ लाख. बारा वर्षांत ७२ चे १०९, म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन टक्के. ६५ चे ११० असा हिशेब केलात तर साडेचार टक्के दिसतात, आणि लग्नाच्या मांडवात सगळे सांगतात तो हाच आकडा. मधला एक टक्का सरकारला, बिल्डरला आणि दलालाला गेला.

भाडं सध्या महिना २६ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं धरू, कारण भाडेकरू बदलताना तेवढा जातोच. ११ महिन्यांचे २ लाख ८६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ५४ हजार, मालमत्ता कर १२ हजार, आणि रंग, प्लंबिंग, एजंटची फी यांची वार्षिक सरासरी २४ हजार. उरले १ लाख ९६ हजार. १ कोटी १० लाखांच्या मालमत्तेवर हे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातात. प्राप्तिकर मी अजून धरलेलाच नाही.

किमतीचे साडेतीन आणि भाड्याचे पावणेदोन, ते उदारपणे दोन धरू, असे साडेपाच टक्के. या बारा वर्षांत महागाई सरासरी पाचच्या आसपास होती. राहिला अर्धा टक्का. बातमीतले सात टक्के महागाईच्या वरचे होते, हे लक्षात घ्या.

यावर विश्वास बसत नसेल तर प्राप्तिकर खात्याचाच पुरावा देतो. त्यांचा महागाई निर्देशांक २०१३-१४ ला २२० होता, २०२५-२६ ला तो ३७६ आहे. तुमची खरेदी, स्टँप ड्युटी-नोंदणी आणि कर धरून, ६९ लाख. निर्देशांकाने गुणली तर ती आजची जवळजवळ ११८ लाख होते. विक्री ११० ला. म्हणजे इंडेक्सेशनसह, खरेदीची किंमत अशी महागाईने वाढवून धरण्याचा, २० टक्के कराचा पर्याय निवडलात तर तुम्हाला भांडवली नफ्यावर कर शून्य येतो, कारण खात्याच्या लेखी तुम्हाला नफाच झालेला नाही. कर वाचला याचा आनंद माना, पण त्याचा अर्थही समजून घ्या. शिवाय ही निवड २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरालाच आहे. आता नवा फ्लॅट घेतलात तर विकताना इंडेक्सेशन नाही, सरळ साडेबारा टक्के.

भाडं आपल्याकडे इतकं कमी का, हा प्रश्न मला आयुष्यभर छळत आला आहे. याचं एकच कारण नाही, पण मुंबई परिसराचा इतिहास बाजूला ठेवून चालणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. गिरगाव-लालबागच्या चाळींतली भाडी पन्नास वर्षं तिथेच राहिली. मालकाने दुरुस्ती सोडली, भाड्याच्या जागेच्या हक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याची पागडी आली, आणि नवीन घर भाड्यासाठी बांधावं असं कुणाला वाटेनासं झालं. सर्वोच्च न्यायालयाने या गोठवण्यावर बोट ठेवल्यानंतर १९९९ चा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. आज आपण ११ महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स करार करतो, भाडेकरू घर बळकावेल ही भीती कायद्याने बरीच कमी झाली आहे. मनातून मात्र ती गेलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी आढळली. साहिल गांधी, रिचर्ड ग्रीन आणि शाओनली पत्रनबीस यांच्या अभ्यासात या रिकाम्या घरांचा संबंध भाडे कायद्यांशी आणि करार अमलात आणणाऱ्या न्यायालयांच्या अपुरेपणाशी जोडलेला आहे. मी ज्या इमारतींत जातो तिथे हे डोळ्यांनी दिसतं: दर मजल्यावर एक कुलूप, दारावर जुनं तोरण, आत गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर. त्याचं भाडं पावणेदोन टक्केही नाही, शून्य. मेंटेनन्स धरला तर उणे.

भाडं पावणेदोनच टक्के असेल, तर सात टक्के खरा परतावा मिळायला किंमत महागाईच्या वर पाच-सव्वापाच टक्क्यांनी वाढायला हवी. महागाई धरून दहाच्या वर. सात वर्षांत दुप्पट, चौदा वर्षांत चौपट, आणि असंच सतत. असा काळ आपण पाहिला आहे; २००३ पासूनची सात-आठ वर्षं तशीच होती, आणि आज पन्नाशीत असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यातला ‘जमिनीचा भाव कधी पडत नाही’ हा विश्वास त्या वर्षांनी पक्का केला. पण रिझर्व्ह बँकेचा घर किंमत निर्देशांक बघा. नोंदणी कार्यालयांतल्या व्यवहारांवरून तो काढतात. २०१० नंतरची सुरुवातीची वाढ जोरदार, पुढे ती मंदावत गेली, आणि २०२० च्या आगेमागे वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिली.

खर्चाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथे होते.

ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका फ्लॅटचं मूल्यांकन मी तीन वेगवेगळ्या वेळी केलं, शेवटचं २०१९ मध्ये विक्रीच्या वेळी. १९९६ मध्ये साडेनऊ लाखांना घेतलेला, ९२ लाखांना विकला. दसपट म्हणा ना! चक्रवाढीने वर्षाला १०.४ टक्के. पण त्या घरातल्या काकूंनी एक दोनशे पानी वही ठेवलेली होती, खाकी कव्हर घातलेली, आणि तिच्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक खर्च. १९९८: बाथरूमची गळती, वरच्या मजल्यावरच्यांशी निम्मा वाटा. २००४: पाण्याचे गंजलेले पाइप बदलले. २०११: स्ट्रक्चरल दुरुस्तीची सोसायटीची वर्गणी, तीन हप्त्यांत. मेंटेनन्स आणि कराच्या पावत्या मागच्या पानांना टाचलेल्या. मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून बेरीज केली. तेवीस वर्षांत ११ लाख ४० हजार. सुरुवातीचा एक लाख नोंदणी वगैरेचा, शेवटची दलाली, आणि हे सगळे खर्च आपापल्या वर्षाला धरून परत हिशेब केला तर दर साधारण सव्वाआठ टक्क्यांवर आला. दोन टक्के त्या वहीत होते. त्या काकूंना मी म्हणालो, तुमच्यासारखी वही माझ्या शंभरातल्या एकाही अशिलाकडे नाही.

योगायोग असा की याच प्रकारच्या वह्यांवर एक सुंदर अभ्यास झाला आहे. डेव्हिड चेंबर्स, क्रिस्टोफ स्पेन्येर्स आणि एव्हा स्टायनर यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या चार श्रीमंत कॉलेजांचे जमाखर्च तपासले, १९०१ ते १९८३ पर्यंतचे. कॉलेजांकडे शेतजमिनी, दुकानं, घरं सगळं होतं, आणि हिशेबनीसांनी आलेलं भाडं आणि झालेला खर्च मालमत्तेनिशी लिहून ठेवला होता. निघालं काय? सगळा खर्च जाता महागाईच्या वरचा परतावा राहत्या घरांवर साधारण २.३ टक्के, शेतजमिनीवर ४.५ टक्के. देशभराच्या सरासऱ्यांवरून काढलेल्या सात टक्क्यांशी हे ताडून बघा. काळ वेगळा, मालमत्ता वेगळ्या, तेव्हा दोन आकडे थेट भिडवता येणार नाहीत, हे कबूल. तरी मी जास्त भरवसा वहीवर ठेवतो. सरासरीत गळती दिसत नाही.

आता जोखमीचं. बातमीत म्हटलंय की घरांचे चढउतार शेअरच्या निम्म्याहून कमी. मी माझ्याच धंद्यातली गोष्ट सांगतो. फ्लॅटवर गेलो की माझ्यापुढे पुरावा म्हणून असतो त्याच सोसायटीतला शेवटचा नोंदलेला व्यवहार, म्हणजे इंडेक्स टूचा उतारा. जोडीला रेडी रेकनरचा, म्हणजे स्टँप ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दर आणि दलालांकडून कळलेला चालू भाव. बाजार पडतो तेव्हा आधी व्यवहार थांबतात. मग माझ्याकडे पुरावा उरतो तो आठ महिन्यांपूर्वीचा. मी किंमत थोडी उतरवतो, एकदम नाही उतरवू शकत. माझ्यासारख्या हजारो मूल्यांककांच्या अहवालांवरून काढलेला निर्देशांक म्हणूनच गुळगुळीत दिसतो. डेव्हिड गेल्टनर यांनी मूल्यांकनामुळे येणाऱ्या या गुळगुळीतपणाचं गणित मांडलं तेव्हा मला ते माझ्याच टेबलाचं वर्णन वाटलं. व्यवहारांवरून काढलेल्या निर्देशांकाची अडचण निराळी: तो हजारो घरांची सरासरी आहे. तुमच्याकडे हजार घरं नाहीत, एक आहे. शेजारी पूल झाला, समोर टॉवर उभा राहिला, वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपून तुमच्या छताला पांढरी बुरशी आली, की ती सरासरी तुमच्या कामाची नाही. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांच्या अभ्यासात दाखवलं की शहरभराचे भाव एकदा वर जाऊ लागले की पुढच्या वर्षीही जात राहण्याचा कल असतो. पण एकेका घराच्या किमतीत इतकी आंदोलनं असतात की त्या कलाचा एकट्या घरमालकाला फारसा उपयोग होत नाही.

तुम्ही लिहिलंय की ११० ला देणार नाही, सव्वा कोटी यायलाच हवेत, कारण ‘इतकी वर्षं थांबलो’. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीत नेमकं हेच पाहिलं. ज्यांना आपल्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळणार होते त्यांनी बाजारापेक्षा चढी किंमत लावली, आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहिली. थोडे जास्त पैसे त्यांना मिळाले, पण मागितले होते त्याच्या मानाने फारच थोडे. महागाई धरली तर तुम्हीही त्याच जागी उभे आहात. तुम्ही किती वर्षं थांबलात याच्याशी समोरच्या खरेदीदाराला काही देणंघेणं नाही.

मग पैसे होतात कुठे? जमिनीत. नॉल, शुलारिक आणि थॉमस स्टेगर यांनी चौदा देशांच्या १८७० पासूनच्या किमती पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं महाग झाली त्यातला जवळपास ८० टक्के भाग जमीन महागल्याचा. बांधकाम जुनं होतं, झिजतं. वर जाते ती खालची जमीन. नौपाड्यातल्या त्या इमारतीत सहाशे चौरस मीटरच्या प्लॉटवर बारा बिऱ्हाडं होती, म्हणजे प्रत्येकामागे पन्नास चौरस मीटर जमीन आणि वापरायचा राहिलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर आणखी बांधायची परवानगी. त्या काकूंना मिळालेल्या ९२ लाखांत पुनर्विकासाची आशा धरलेली होती. तुमच्या तीस मजली टॉवरमध्ये एफएसआय शेवटच्या इंचापर्यंत वापरलेला आहे, आणि प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला येणारी जमीन एका खोलीएवढीही नसेल. चाळीस वर्षांनी तो पाडून बांधायला बिल्डर कशासाठी येईल, हे मला आज सांगता येत नाही. त्यातही सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीचं हस्तांतरण, झालं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाचीच आहे.

दुसऱ्या फ्लॅटचा हिशेब आता छोटा आहे. ७५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता महिना ६५ हजार. भाडं येईल २८ हजार. पहिल्या वर्षी व्याजच सव्वासहा लाखांच्या वर आणि खर्च जाऊन हातात येणारं भाडं दोन लाख. नुसत्या व्याजाचेच राहिलेले सव्वाचार लाख त्या वर्षी पगारातून, मुद्दल वेगळं, आणि तेही किंमत वाढेल या भरवशावर. साडेआठ टक्क्यांनी घेतलेल्या पैशावर साडेपाच टक्के मिळवले तर कर्ज जितकं मोठं तितका तोटा मोठा. मेहुण्यांना हा कागद दाखवा. ते तुमच्या भल्याचंच सांगत आहेत, फक्त त्यांनी बातमी वाचली आहे आणि तिच्यामागचा निबंध वाचलेला नाही.

हे सगळं दुसऱ्या घराबद्दल. राहतं घर निराळं. त्याचं भाडं तुम्ही स्वतःला देत असता, त्यावर कर नाही, आणि मुलांची शाळा बदलावी लागत नाही याची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही. भाड्याच्या घरात राहणारं कुणी मला विचारायला येतं तेव्हा मी बहुतेकदा, हप्ता झेपत असेल तर, घ्या म्हणूनच सांगतो.

तुमच्या आहे त्या फ्लॅटबद्दल: १०९ लाख साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला सात लाख येतात, फ्लॅट देतो दोन. ही तूट भरायला फ्लॅटची किंमत दर वर्षी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढायला हवी. बारा वर्षांत ती साडेतीननेच वाढली. मुलगी नोकरीला लागल्यावर तिथे राहायला जाणार असेल तर ठेवा. तसं काही नसेल तर मी विकेन, आणि ११० च्या मागणीला दोन-तीन लाखांवरून तोडणार नाही. त्याआधी कपाटातून नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, शेअर सर्टिफिकेट आणि बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र काढून एका फाइलला लावा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून कन्व्हेयन्सचं काय झालं ते विचारा. झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसताना मिळणाऱ्या कन्व्हेयन्सचा, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. तो अर्ज दाखल झाल्याची पोच फाइलमध्ये असली, तरी खरेदीदाराच्या वकिलाचा एक मोठा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.